इंग्रजी क्रियापदाचं मूळ घरबसल्या कसं शोधायचं, ‘अराईव्ह’ हातात धरून

परवा दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने येत होतो, भाचा शेजारी वही घेऊन बसलेला आणि त्याने लिहिलं होतं ‘अराईव्ह टू’. बाईंनी लाल रेघ मारलेली. मावशी, अराईव्ह म्हणजे पोचणेच ना, मग चुकलं काय? तेव्हा त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण ही सवय एकदा लागली की शब्द पाठ करावे लागत नाहीत.

आधी आज शब्द कसा वापरतात ते नीट बघा. ‘अराईव्ह’नंतर ‘अ‍ॅट’ किंवा ‘इन’ येतं, स्टेशनवर ‘अ‍ॅट’, मुंबईत ‘इन’. आणि ‘रीच’नंतर काहीच येत नाही, थेट ठिकाणाचं नाव. दोन्हीचा अर्थ आपण ‘पोचणे’ असाच लिहून मोकळे होतो आणि तिथेच घोळ होतो. ‘रीच’चा मूळ अर्थ हात लांब करणे, हात पोचवणे. हात थेट वस्तूला लागतो, मधे काही नको, मी तर हे असंच लक्षात ठेवते.

मग चांगला शब्दकोश उघडा, मोबाईलवरचा चालेल, पण ज्यात अर्थाखाली शब्दाचं मूळ दिलेलं असतं असाच घ्या. ते मूळ उलट्या दिशेने वाचायचं, म्हणजे इंग्रजीच्या आधी फ्रेंच, त्याच्या आधी लॅटिन. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे फ्रेंच शब्दांचा लोंढाच आला, त्यातलाच हा, साधारण १२०० च्या सुमाराला इंग्रजीत दिसायला लागतो. आणि तेव्हा अर्थ होता जहाजाने किनाऱ्याला लागणे! लॅटिनमध्ये ‘अ‍ॅड’ म्हणजे कडे आणि ‘रिपा’ म्हणजे काठ, दोन्ही जोडून ‘अर्रिपारे’. ‘ड’चा ‘र’ कसा झाला? उत् अधिक लास उल्लास होतो ना, तसाच. आणि ‘प’चा ‘व’ व्हायला तर आपल्याकडे दीपाचा दिवा आहेच. कोशात या ‘अर्रिपारे’च्या डोक्यावर एक चांदणी दिसेल, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. तिचा अर्थ हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी नंतरच्या शब्दांवरून बांधलंय.

माझी आजी मुंबईहून बोटीने यायची. हर्णैला बोट लांब खोल पाण्यातच उभी राहायची, मग पडावात, म्हणजे छोट्या होडीत उतरायचं, सामान, पोरं सगळं त्यात, आणि पडाव वाळूला घासला की ती म्हणायची, ‘आता लागलो.’ त्याआधी नाही. १२०० सालचं ‘अराईव्ह’ म्हणजे नेमकं तेच.

यानंतर भावंडं शोधायची. ‘रिव्हर’ याच रिपाचा. पण ‘डिराईव्ह’ नाही हं, दिसायला सख्खा भाऊ वाटतो तरी तो ‘रिवुस’ म्हणजे ओढा यावरून आलाय, ओढ्याचं पाणी वळवून नेणे, आपण आगरात पाट काढतो तसं. ‘रायव्हल’ही त्याच ओढ्यावरचा, एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे शेजारी. त्यामुळे ‘अरायव्हल’मध्ये ‘रायव्हल’ दिसला म्हणून गोष्ट रचू नका, अक्षरं जुळली म्हणजे नातं जुळलं असं नसतं. ‘पॉश’ हा शब्द बोटीच्या तिकिटांवरच्या ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी बाजू, परतताना उजवी) याच्या आद्याक्षरांवरून आला अशी गोष्ट सगळीकडे फिरते, विलायत ते हिंदुस्थान प्रवासातल्या थंड बाजूच्या केबिनची, तिला एकही पुरावा सापडलेला नाही. जुना लेखी वापर नसेल तर गोष्ट कितीही छान असो, सोडून द्यायची.

शेवटी एकदा मराठीकडे वळून बघाच, मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. आपण म्हणतो कणकवलीला उतरलो, लॉजवर उतरलो. हे ‘उतरणे’ संस्कृत ‘उत्’ अधिक ‘तॄ’, तरून पाण्याबाहेर येणे. तारू, तीर्थ सगळे त्याच घरातले, आणि खाडी ओलांडायची ती आपली ‘तर’सुद्धा. हे सांगेपर्यंत फेरीबोटीची फळी धोपाव्याच्या उतारावर टेकली, गाड्या सुरू झाल्या, आणि भाच्याने ‘टू’ खोडून ‘अ‍ॅट’ लिहिलं, बाजूला एक छोटी होडी काढली.