भांड्यापाशी गुरगुरणारा कुत्रा: वर्चस्व की आक्रमकता?

जेवणाच्या भांड्याजवळ गेलं की कुत्रा गुरगुरतो, आणि घरात लगेच निदान होतं: ‘हा डोक्यावर बसलाय.’ बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. वर्चस्व म्हणजे दोन कुत्र्यांमधलं नातं. हाड दिसलं की एक जण दरवेळी मुकाट्याने बाजूला होतो, भांडण होतच नाही. आक्रमकता ही कृती: गुरगुरणं, दात दाखवणं, चावणं. तिच्यामागे बहुधा भीती, दुखणं किंवा हातचं जाण्याची धास्ती असते. ‘अल्फा’ची, म्हणजे कळपावर हुकूम चालवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना पसरली ती रुडॉल्फ शेंकेल यांच्या 1947 मधल्या बंदिस्त लांडग्यांच्या अभ्यासातून. पण रानातला लांडग्यांचा कळप बहुधा आईबाप आणि पिल्लांचाच असतो.

खाता खाता अंग ताठ होतं, तोंड भांड्यातच थबकतं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसतो. ही पहिली सूचना, तिथेच थांबा. ओरडून गुरगुरणं बंद पाडलंत तर धास्ती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

तो सैल असतो तेवढ्या अंतरावरून, समजा 6 फुटांवरून, उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा भांड्याकडे टाका आणि निघून जा. एका जेवणात 5-6 वेळा. तुम्हाला पाहून तो मान वर करून वाट पाहू लागला, की पुढच्या वेळी अर्धा फूट जवळून. भांडं उचलून परीक्षा घेऊ नका, आणि मुलांना तिथे अजिबात फिरकू देऊ नका.

हे अचानक सुरू झालं असेल तर आधी पशुवैद्यांकडून दात, कान, सांधे तपासून घ्या. चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.