दुपारच्या उन्हावर जाऊ नका, पहाटेचा पारा बघा

माघ सरत आला की पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी टोपीशिवाय वावरात उभं राहवत नाही. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत निघून जाते असं आपल्याकडे म्हणतात, पण जाता जाता ती किती वेळा मागे फिरेल याचा नेम नाही. निफाड, सिन्नर, येवला, संगमनेर या पट्ट्यात फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारी 34-35 अंश आणि पहाटे 13-14 अंश असं सहज घडतं. म्हणजे एका दिवसात वीस अंशांचा हेलकावा. त्यात मध्येच आभाळ येतं, वारा फिरतो आणि आठवडाभराचं नियोजन कोलमडतं.

माझी स्वतःची चूक आधी सांगतो. एका फेब्रुवारीत दुपारच्या झळा बघून मी घाबरलो आणि साखर उतरत आलेल्या द्राक्षबागेचं ठिबक एकदम दीडपट केलं. चौथ्या रात्री पारा 10 च्या खाली गेला. सकाळी बागेत गेलो तर घडाघडात मणी तडकलेले. बाग उन्हाने बिघडली नव्हती. दिवस बघून दिलेलं पाणी रात्री अंगाशी आलं होतं. तेव्हापासून फेब्रुवारी-मार्च या दोन महिन्यांत एक नियम पाळतो: ऊन सगळ्यांनाच दिसतं, निर्णय मात्र रात्रीच्या किमान तापमानावर घ्यायचा.

त्यासाठी कमाल-किमान तापमापी घ्या. फार महाग वस्तू नाही. घराच्या पत्र्याखाली किंवा भिंतीला लावू नका, भिंत रात्रभर उष्णता सोडत राहते आणि आकडा खोटा येतो. पिकाजवळ, सावलीत, साधारण चार फूट उंचीवर, वारा खेळेल अशी टांगा. रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. मोबाइलवर तालुक्याचा अंदाज दिसतो, पण ओढ्याकाठचं खोलगट वावर आणि माळावरचं वावर यांत पहाटे दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. थंड हवा जड, ती खोलात साचते.

वहीतल्या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. आकाश निरभ्र, उत्तरेचा कोरडा वारा आणि किमान पारा घसरतोय, म्हणजे थंडी अजून दोन-चार दिवस राहणार. याउलट रात्र एकाएकी चार-पाच अंशांनी उबदार झाली, वारा पूर्व किंवा आग्नेयेकडून येऊ लागला आणि हवा दमट वाटू लागली, की समजायचं बाष्प आलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत ढग, कदाचित पाऊस. प्रत्येक वेळी पडेलच असं नाही, पण उघड्यावरचा माल झाकायला एवढा इशारा पुरतो.

पाण्याचा हिशेब

जानेवारीच्या मानाने एप्रिलमध्ये जमिनीतून आणि पानांतून उडणारं पाणी दुपटीच्या आसपास जातं, पण ते एका रात्रीत दुप्पट होत नाही. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एकरावर सुमारे 4,000 लिटर. पिकाची गरज रोज 4 मिलिमीटरवरून 5 वर गेली तर एकरी 4,000 लिटर जास्त लागतात. ठिबकवाल्याने ते किती मिनिटांचं होतं ते एकदाच मोजून ठेवावं आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवावं. पाटपाणी असेल तर पाणी जड करू नका, दोन पाळ्यांमधलं अंतर कमी करा. वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी स्थिती, बघूनच पुढची पाळी.

गहू

वेळेवर पेरलेला गहू या दिवसांत धोक्यातून सुटलेला असतो. खरी चिंता ऊस तोडून किंवा कापूस काढून डिसेंबरात पेरलेल्या गव्हाची. त्याच्या दाण्यात चीक भरण्याची वेळ आणि उन्हाची चढती एकच येते. पारा 30-32 च्या वर राहिला की पीक घाईने पिकतं आणि दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. तेव्हा पंजाब-हरियाणात नेमकं हेच झालं आणि मे महिन्यात केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. चीक भरतानाचं पाणी चुकवू नका. ते संध्याकाळी, वारा पडल्यावर द्या. ओंब्या जड झालेला गहू ओल्या जमिनीत वाऱ्याने लोळला की उभा राहत नाही. फुलोऱ्यात असलेल्या उशिराच्या गव्हावर 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) या विद्राव्य खताची दोन टक्के फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम, उपयोगी पडते. ती भर दुपारी करू नका.

उन्हाळ कांदा

यावर जरा जास्त लिहितो, कारण या भागात दिवाळीपर्यंतचा संसार चाळीतल्या (हवेशीर साठवणशेडमधल्या) कांद्यावर चालतो आणि चाळीत काय होणार ते बरंचसं फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरतं.

पहिली गोष्ट नत्राची. लागवडीला 60 दिवस होऊन गेले की युरिया बंद. थंडीमुळे पात पिवळट दिसते, शेजारी टाकतो म्हणून आपणही एक हात टाकतो आणि मान जाड राहते. जाड मानेचा कांदा चाळीत आधी सडतो. पिवळेपणा थंडीचा असेल तर रात्र उबदार होताच पात आपोआप तजेलदार होते, आठ दिवस थांबा.

दुसरी गोष्ट फुलकिडे. कोरडी हवा आणि 25 ते 30 अंश तापमान त्यांना मानवतं. पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पातीत, बोटाने पात फाकवून मोजा. झाडामागे 30 च्या आसपास दिसले तर फवारणीला अर्थ आहे, दोन-चार दिसले म्हणून पंप पाठीवर घेऊ नका. तुषार सिंचन असेल तर त्याने फुलकिडे धुऊन बरेच कमी होतात. पण ढगाळ हवा असताना तुषार चालवू नका. फुलकिड्यांनी ओरबाडलेल्या पातीवर ओल राहिली की जांभळा करपा हा बुरशीचा रोग तिथूनच घुसतो. ढग यायच्या आधी, म्हणजे वर सांगितलेली उबदार रात्र दिसताच, शिफारशीत बुरशीनाशक चिकटद्रव्यासह फवारलेलं बरं. पावसानंतर धावपळ करून निम्मा फायदाही होत नाही.

तिसरी गोष्ट काढणी. निम्म्या झाडांच्या माना पडल्या की कांदा तयार समजायचा आणि त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं. इथेच आभाळ घात करतं. पाणी तोडल्यावर अवकाळी झाला तर घाबरून लगेच उपटू नका. वरची माती सुकून वाफसा येऊ द्या. मात्र पुन्हा पाणीही देऊ नका, नव्या मुळ्या फुटतात. उपटलेला कांदा तीन-चार दिवस शेतात पातीसह सुकवा. एका ओळीच्या पातीने पुढच्या ओळीचे कांदे झाकले जातील असा पसरा, नाहीतर मार्च-एप्रिलच्या उन्हाने उघडा कांदा भाजतो आणि भाजलेल्या जागी पुढे सड धरते. मग दोन-तीन सेंटिमीटर मान ठेवून पात कापा. अगदी मुळापासून छाटलेली मान म्हणजे रोगाला उघडं दार. डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), जोड, चिंगळी (अगदी बारीक कांदे) बाजूला काढून बाकीचा माल दहा-बारा दिवस सावलीत. कांद्याची पोळ (ढीग) मारून त्यावर प्लास्टिक गच्च बांधून ठेवणारे दरवर्षी दिसतात. आत घाम धरतो आणि पावसाने झालं नसतं ते नुकसान प्लास्टिक करतं. ताडपत्री पाऊस येईल तेव्हा टाका, उघडल्यावर काढा.

द्राक्ष, डाळिंब

द्राक्षात दिवस-रात्रीच्या फरकाचा सर्वांत उघड पुरावा म्हणजे पिंक बेरी. पांढऱ्या वाणाचे हिरवे मणी गुलाबी होतात आणि निर्यातीचा माल लोकल बाजारात जातो. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडायच्या, आधीच घडांना पेपर लावलेले असतील तर हे बरंच टळतं. गुलाबी झाल्यावर उपाय नाही, औषधवाला काहीही सांगो. पाणी रोज थोडं थोडं द्या, दोन दिवसांचं एकदम नको. थंड रात्री आणि कोरडे दिवस भुरीला (पांढऱ्या पुडीसारख्या बुरशीला) आवडतात, पण तिच्यावरचं गंधक 35 च्या वरच्या उन्हात मारलं तर मणी आणि पानं भाजतात. काढणी जवळ असेल तर पीएचआय (फवारणी ते काढणी यांत ठेवायचे दिवस) मोजूनच औषध घ्या. तासगाव भागातल्या बेदाणा शेडवाल्यांनी रॅकवर माल चढवण्याआधी चार दिवसांचा अंदाज जरूर पाहावा, रॅकवरचा अर्धा सुकलेला माल भिजला तर रंग परत येत नाही.

आंबे बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या) डाळिंबाला या दिवसांत कळी असते. पाण्याचा ताण आणि मोकळं पाणी असा खेळ झाला की कळी गळते. बागेत आच्छादन करा, मुळांपाशी दिवस-रात्रीचा फरक कमी होतो.

घाटाखालच्या हापूस बागायतदारांनाही रात्रीचाच पारा छळतो. फळधारणा झाल्यावर पुन्हा थंडी पडली की त्याच फांदीला नवा मोहर येतो आणि आधीची कणी (बारीक फळं) गळते. फळं वाटाणा, गोटी आणि अंड्याएवढी असताना दर पंधरा दिवसांनी झाडाला 150-200 लिटर पाणी, असं तीन-चार वेळा, आणि बुंध्याभोवती गवताचं आच्छादन, एवढं केलं तर गळ कमी होते.

नवीन पेरणी

उन्हाळी भुईमुगाला दुपारचं ऊन पुरत नाही. जमीन 18 अंशांच्या खाली असेल तर बी फुगतं, उगवत नाही आणि कुजतं. म्हणून पेरणी 15 जानेवारी ते 15 फेब्रुवारी सांगितली असली तरी आपल्या वावरात किमान पारा सलग आठवडाभर चढता दिसला की मगच तिफण धरा. फार रेंगाळलात तर काढणी मृगाच्या पावसात सापडेल. तारीख निघून गेली असेल तर भुईमूग सोडा आणि मूग घ्या, साठ-पासष्ट दिवसांत रान मोकळं होतं.

गार आणि वीज

गारा याच दिवसांत का पडतात? जमीन उन्हाळ्यासारखी तापलेली असते, पण वरची हवा अजून हिवाळ्याची असते. बंगालच्या उपसागरावरून आलेलं बाष्प उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याला भिडलं की ढग उंच चढतात, पाणी गोठतं आणि मे महिन्याच्या मानाने गोठणपातळी (जिथून वर पाणी गोठतं ती उंची) खाली असल्याने गार वितळायच्या आत जमिनीवर येते. 2014 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात गारपीट पुन्हा पुन्हा होत राहिली, ती अनेकांच्या अजून लक्षात असेल.

गारेपुढे हात टेकावेच लागतात, पण नंतरचे दोन दिवस आपल्या हातात असतात. आधी साचलेलं पाणी बाहेर काढा. फाटलेल्या फांद्या स्वच्छ कापून जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. खाली पडलेली फळं बागेत ठेवू नका. झाड सावरायच्या आत खतांचा मारा करू नका. आणि काहीही आवरण्यापूर्वी फोटो काढा, तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी लेखी कळवा. विम्यात गारपीट धरली आहे का, कळवायची मुदत किती, हे दर हंगामात बदलू शकतं, ते आजच विचारून ठेवा.

विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये असू द्या. मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर मिळतो. गडगडाट ऐकू आला की मोटार बंद करायला वावरात जाऊ नका आणि जनावरं झाडाखाली बांधू नका. पोल्ट्रीवाल्यांनी पडदे रात्री खाली, सकाळी दहानंतर वर, हे मजुरावर न सोडता तापमापी बघून ठरवावं.

कापलेला हरभरा, शाळू, शिजवून वाळत घातलेली हळद, सगळं सध्या उघड्यावर आहे. खळ्याभोवती वीतभर चर आजच काढा. आणि ताडपत्री कोपऱ्यातून ओढून उजेडाकडे धरून बघा. गेल्या पावसाळ्यात उंदरांनी पाडलेली भोकं बहुतेक घडीच्या कडेलाच सापडतात.