कणगीतला भुंगा: कोणता राखायचा, कोणता चिरडायचा

बियाण्याच्या शाळूत, म्हणजे रब्बी ज्वारीत, किडा दिसला की गावात दोन सल्ले तयार असतात. पहिला, गोळ्या टाका. राहत्या घरात हा सल्ला जीवघेणा आहे, कारण ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीला हवेतली ओल लागली की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि तो किडा-माणूस बघत नाही. दुसरा हल्ली मोबाईलवर फिरतो: काही भुंगे मित्र असतात, किडीला खातात, त्यांना राहू द्या. हा अर्धा खरा आहे. त्या अर्ध्यानंच मला बुडवलं.

वाळवण, उफणणी सांगत बसत नाही. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, बस्स.

कणगीत कोपरापर्यंत हात घाला आणि वरचा, मधला, कडेचा असा किलोभर शाळू काढा. वरच्या मुठीवरून निकाल देऊ नका. खाली पांढरं कापड अंथरून उजेडात चाळा.

खरी गोम पुढं आहे. कापडावर पडलेला किडा ओळखायचा कसा?

सोंड असलेला, तीनेक मिलिमीटरचा, पाठीवर चार फिकट ठिपके, तो सोंडा. तांबूस, चपटा, तो पोरकिडा. हे शेंबडं पोरही सांगेल. फसवतो तो काळा: चकचकीत, चपटा, जवळजवळ सेंटिमीटरभर लांब, मान आणि पाठ यांच्यामध्ये बारीक कंबर. याचं नाव कॅडेल. हा दुसऱ्या किड्यांना खातो, हे खोटं नाही. मी तो वाटीत सोंड्यांबरोबर ठेवून बघितला, खूश झालो आणि परत कणगीत सोडला. हस्तात पेरा केला तर ओळीच्या ओळी रिकाम्या. उरलेलं बियाणं भिंगाखाली धरलं तेव्हा कळलं. दाणा वरून धडधाकट, फक्त कोंबाची जागा कुरतडलेली. भुंगा शिकार करत होता, पण त्याची अळी एका दाण्याचा कोंब खाऊन पुढच्या दाण्याकडं जात होती. भाकरीच्या ज्वारीत हे लक्षातही आलं नसतं.

म्हणून भुंग्यापेक्षा अळी शोधा. मळकट पांढरी, डोकं काळं, शेपटाला दोन काळे आकडे. आकडे दिसले की दयामाया नको. ती कोषात जायला लाकूड पोखरते, त्यामुळं कणगीखालची फळीही ठोकून बघा, भोकं चुन्यानं बुजवा.

आणि समजा, भुंगा अगदी सज्जन निघाला, तरी सोंड्याचं तो काय करणार? सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून बूच लावते. अळी आतच वाढते. भुंग्याला तिथं शिरकाव नाही. आफ्रिकेचं उदाहरण देणारे भेटतात. तिथं मका पोखरणाऱ्या एका परदेशी भुंगेऱ्यावर मध्य अमेरिकेतला शिकारी भुंगा आणून १९९१ मध्ये टोगोत सोडला होता, हे खरं. पण तो त्या भुंगेऱ्याच्या वासावर माग काढतो. आपल्या कणगीत त्याचं काय काम?

दाण्यातल्या अळीपर्यंत पोचते ती चिलटाएवढी काळपट गांधीलमाशी. ती दाण्यात नळी खुपसून अळीवर अंडं घालते. कापडावर ती दिसली तर उडून जाऊ द्या, आणि फवारा तर मुळीच मारू नका. फवाऱ्यानं पहिली तीच मरते, आतला सोंडा तसाच राहतो. फक्त एवढं समजा की ती आली म्हणजे आत सोंडा आहे. महिन्याभरानं पुन्हा चाळा.

सोंडे कणगीच्या भिंतीवर चढताना दिसत असतील तर मित्रांची वाट बघू नका. सगळा शाळू चाळा, कडक उन्हात पातळ पसरा, पूर्ण थंड करा आणि घट्ट झाकणाच्या कोठीत काठोकाठ भरा. गरम भरलात तर आत घाम धरेल.

पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्यात ७५ पेक्षा कमी उगवले तर तो शाळू गिरणीत न्या.