जुन्या पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापतोय? या चुका टाळा

डॅशबोर्डवरचा काटा मधोमध आहे म्हणजे गाडी थंड आहे, असं इंदुरात जुनी ऑटोमॅटिक पिकअप चालवणारे बरेच जण धरून चालतात. तो काटा इंजिनाच्या कूलंटचा असतो. गिअरबॉक्सचं तेल १२० अंशांच्या पुढे गेलं तरी तो जागचा हलेलच असं नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून आतले आकडे वाचणारं छोटं यंत्र) घ्या आणि तुमच्या मॉडेलचं तेलाचं तापमान दाखवणारं ॲप फोनवर टाका. साधारण ८० ते ९५ अंश ठीक, ११५ च्या पुढे सावध व्हा, १३० दिसले तर गाडी बाजूला घ्या.

ही उष्णता मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे देणाऱ्या भागात तयार होते. वेग कमी आणि ओझं जास्त असलं की त्याचा लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्सची थेट पकड) सुटतो, आतलं तेल नुसतं घुसळलं जातं आणि झपाट्यानं तापतं. बडवाहकडून माल भरून इंदूर-खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट चढताना नेमकं हेच होतं. पुढे ट्रक रांगत असतो, आपण डी मध्येच ठेवून त्याच्या मागे चिकटलेले, गिअर सारखा वर-खाली. त्यापेक्षा मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरा, ट्रकपासून अंतर ठेवा, एसी थोडा वेळ बंद करा. चढावर थांबावं लागलं तर गाडी ब्रेकवर धरा. ॲक्सिलरेटरवर तोलून धरण्याची सवय फार वाईट, अर्ध्या मिनिटातही तापमान चढताना दिसतं.

घाट संपला की सिमरोलला चहासाठी थांबून लगेच चावी फिरवू नका. इंजिन बंद झालं की तेलाचा पंपही बंद, आणि तापलेलं तेल आहे तिथेच अडकून राहतं. हँडब्रेक लावून न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि स्कॅनरवरचा आकडा उतरू द्या.

गिअरबॉक्सचं तेलही रेडिएटरमधल्या कूलरमध्ये थंड होतं, म्हणून आता पुढच्या जाळीकडे बघा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत माळव्याची काळी माती, किडे आणि भुसा यांचा थर बसतो. समोरून काहीच दिसत नाही. मागून टॉर्च मारा, उजेड आरपार येत नसेल तर हवाही जात नाही. प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन्स (जाळीचे पातळ पत्रे) मुडपतात, म्हणून साध्या पाइपानं इंजिनाच्या बाजूनं बाहेर पाणी सोडा. हवेच्या तोंडावर बसवलेला एलईडी बार काढून टाका, शोभेपेक्षा गिअरबॉक्स मोलाचा.

तेलाबाबत 'लाल आहे ना, मग चालतं' हे ऐकू नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) हवं. आपल्या उन्हाळ्यात ओझं वाहणाऱ्या गाडीचं तेल साधारण ५०-६० हजार किलोमीटरला बदलावं असं माझं मत आहे, मग कंपनीनं 'लाइफटाइम' म्हटलेलं असो. एका वेळी सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं, त्यामुळे काही दिवसांच्या अंतरानं पुन्हा बदला. गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या पॅनमधल्या मॅग्नेटवर बारीक राखाडी लेप असणं नेहमीचं आहे. धातूचे कपचे किंवा जळका वास असेल तर तेल बदलून भागणार नाही.

गिअरबॉक्सच्या तेलासाठी जास्तीचा कूलर लावणार असाल तर जरूर लावा, पण प्लेटवाला घ्या. तेल आधी रेडिएटरमधल्या कूलरमधून, मग नव्यातून आणि तिथून गिअरबॉक्सकडे जावं. पाइप एटीएफसाठीचाच वापरा, पेट्रोलचा नको. प्लॅस्टिकच्या पट्ट्या फिन्समध्ये घुसवून कूलर बांधला तर घासून घासून कंडेन्सरला भोक पडतं. त्याऐवजी धातूच्या पट्टीचा ब्रॅकेट करून घ्या.

रेडिएटर जुना असेल तर अधूनमधून तेलाचा रंग बघा. आतला कूलर फुटला की कूलंट तेलात मिसळतं आणि तेल गुलाबी दुधासारखं दिसू लागतं. त्यानं क्लच प्लेटांचं अस्तर सुटतं. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका. मागची चाकं रस्त्यावर ठेवून ओढतही नेऊ नका, अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा.