छोटा रोल मिळालाय? मग फाईना रानेव्हस्काया बघा, आणि अशी बघा

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की दरवर्षी तेच, लीड कोणाला मिळाला यावर आठवडाभर चर्चा आणि ज्या मुलींच्या वाट्याला दीड पानाचा रोल येतो त्या हळूहळू तालमीला उशिरा यायला लागतात. हे त्या मुलींसाठी लिहितेय. रशियन येत नसलं तरी काही अडत नाही, मोबाईल, इअरफोन आणि एक वही एवढं बास.

आधी बाई कोण ते थोडक्यात. सोव्हिएत काळातली रशियन नटी. जन्म १८९६, तागानरोग, म्हणजे नाटककार चेखवचंच गाव. श्रीमंत ज्यू घर, मूळ आडनाव फेल्डमन, आणि रानेव्हस्काया हे नाव तिनं चेखवच्या 'चेरी ऑर्चर्ड'मधल्या बाईचं उचललेलं. बोलताना अडखळायची, स्टेजवर मात्र नाही. १९१७ मध्ये क्रांती झाली तेव्हा घरचे देश सोडून गेले, ही नाटकासाठी मागं राहिली, आणि पाव्हला वुल्फ नावाच्या मोठ्या नटीनं तिला हाताशी धरून शिकवलं. सिनेमात रोल बहुतेक छोटेच. सिनेदिग्दर्शक आयझेनस्टाइनला 'इव्हान द टेरिबल'मध्ये ती हवी होती पण वरच्या साहेबांनी चेहरा ज्यू दिसतो म्हणून नाव कापलं, हे वाचलं की अजूनही संताप येतो. तरी १९६१ मध्ये सोव्हिएत युनियनचा पीपल्स आर्टिस्ट हा सगळ्यात मोठा किताब तिला मिळालाच.

आता बघायचं कसं. सुरुवात १९४७ च्या 'सिंड्रेला'पासून करा कारण गोष्ट पाठ आहे, सबटायटल नसलं तरी कळतंय. ती सावत्र आई आहे. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून फक्त तिचे सीन बघा. आरशासमोर ती डोक्याला पिसं लावून बघते तो भाग तीन-चार वेळा मागे घ्या, आणि वहीत लिहा की मान कधी वळते, नजर आरशात कुठं थांबते, स्वतःवर खूश झाली की ओठांचं काय होतं. लेखक श्वार्त्स आपल्या संहितेला कोणाला हात लावू द्यायचा नाही, हिला मात्र त्यानं भर घालायची मोकळीक दिली होती. मग आवाज चालू करून राजवाड्यातला सीन बघा, राजानं आपल्याकडं किती वेळा बघितलं, किती वेळा हसला याचा आई आणि मुली मिळून हिशोब मांडतात, आणि तो हिशोब ती इतक्या गंभीरपणे करते की हसू आपोआप येतं. ती कुठंही 'मी विनोदी आहे' असं दाखवत नाही. आपल्याकडं कॉमेडी रोल म्हटलं की पहिल्या तालमीपासून तोंड वेडंवाकडं करणं सुरू होतं, ते हा सीन बघून बंद करा.

दुसरा धडा गृहपाठाचा. १९३४ चा दिग्दर्शक मिखाईल रोमचा 'पिश्का' हा तिचा पहिला सिनेमा, फ्रेंच लेखक मोपासाँच्या कथेवरचा, आणि तो मूकपट! तरी हिनं मूळ फ्रेंच कथा मिळवून आपल्या पात्राची वाक्यं फ्रेंचमध्ये पाठ केली. प्रेक्षकाला ऐकू येणार नव्हतं तरी. आता तुमच्या दीड पानाकडं बघा. भाजीवाली करताय ना? मग सकाळी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मार्केटमध्ये जाऊन नुसतं उभं राहा, मावशी सुट्टे पैसे कुठून काढतात, गिऱ्हाईक परत फिरलं की हाक कशी मारतात, एका हातानं पाणी शिंपडत दुसऱ्या बाईशी काय बोलतात, सगळं वहीत उतरवा. संहितेत यातलं काहीच नसणार, तुमच्या अंगात मात्र असायला पाहिजे.

तिसरं म्हणजे मॉस्कोच्या मोस्सोव्हिएत थिएटरमधलं 'श्टोर्म' (वादळ) हे नाटक. त्यात ती मान्का नावाची काळाबाजारवाली, पोलिसी चौकशीचा एवढासा प्रवेश, संवादही बरेचसे तिनं स्वतः रचलेले. याचं रेकॉर्डिंग मिळतं, नक्की बघा. लोक म्हणे तेवढ्यासाठी यायचे आणि तिचा प्रवेश संपला की उठून जायचे, शेवटी दिग्दर्शक झवादस्कीनं तो प्रवेशच काढून टाकला. इथं जरा सांभाळून. तिच्याकडून तयारी घ्या, पण सगळा सीन आपल्याकडं ओढून घ्यायचं घेऊ नका, स्पर्धेत टीमचे मार्क जातात आणि समोरच्या नटाचंही नुकसान होतं.

आवाजासाठी १९७० चं, पाठीवरच्या पंख्यानं उडणाऱ्या कार्लसनचं सोव्हिएत कार्टून लावा, त्यातल्या फ्रेकेन बोक या कडक बाईला आवाज हिचा आहे. डोळे मिटून ऐका, वाक्याच्या मधेच आवाज जाड कुठं होतो, श्वास कुठं घेते ते पकडा, आणि आपलं एखादं वाक्य मराठीत त्याच चढउतारानं म्हणून रेकॉर्ड करा.

सगळ्यात शेवटी 'दाल्शे तिशिना' (पुढे शांतता). दिग्दर्शक अनातोली एफ्रोसनं १९६९ मध्ये बसवलेलं नाटक, १९७८ मध्ये चित्रित झालं, सोबत नवऱ्याच्या भूमिकेत रोस्तिस्लाव प्ल्याट. म्हातारपणी मुलं आईवडिलांना वेगवेगळं ठेवतात एवढीच गोष्ट, आपल्या कुठल्याही गल्लीत घडणारी. हे मात्र थांबवत थांबवत बघू नका, एका बैठकीत बघा, जमलं तर सगळ्या टीमनं मिळून. चित्रीकरणावेळी ऐंशी ओलांडलेली बाई रडवायचा काहीही प्रयत्न करत नाही, साधं बोलते आणि समोरचं थिएटर रडतं.

शोधताना एक करा, विकिपीडियाच्या रशियन पानावरून नाटकाचं किंवा सिनेमाचं नाव कॉपी करून यूट्यूबवर टाका, मराठीत किंवा इंग्रजीत टाकून अर्धं काही सापडत नाही. मोसफिल्म या मॉस्कोच्या फिल्म स्टुडिओच्या चॅनेलवर बऱ्याच जुन्या सिनेमांना इंग्रजी सबटायटल असतात. आणि नेटवर तिच्या नावानं फिरणारे चुरचुरीत विनोद लगेच स्टेटसला ठेवू नका, त्यातले कितीतरी तिच्या तोंडी घातलेले आहेत, तो वेळ आरशातल्या त्या सीनला द्या.