आधारची झेरॉक्स देण्याआधी बोटांना कुलूप लावा

झेरॉक्सवर आडवी रेघ मारायची, ‘फक्त भाड्याच्या घरासाठी’ लिहायचं, की झालं! हा सल्ला मी नागपूरच्या सीताबर्डीवर इतक्यांदा ऐकलाय की आता चीड येते. रेघेखालचे बारा आकडे दिसतातच ना, बाप्पा.

त्यापेक्षा मास्क्ड आधार काढा. मायआधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून आत जा, डाउनलोड करताना मास्क्डच्या चौकटीत खूण करा. त्यावर फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. फाइलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली ४ कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष. घरमालक, लॉज, होस्टेल, सगळ्यांना हीच प्रत.

खरी गोची बोटांची आहे. आधारवरून पैसे काढायला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढंच लागतं. ओटीपी नाही, पिन नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनचे अंगठे बनवून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणं पोलिसांनी पकडली आहेत. म्हणून त्याच संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करा. बोटं, डोळे, चेहरा, तिन्ही बंद.

आईचं लॉक मी केलं आणि विसरलो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तिला घेऊन गेलो. ऑपरेटर म्हणे, “आजी, तुमची बोटं झिजली.” रुमालानं पुसली, पाण्यानं धुतली, तीन चकरा झाल्या. शेवटी मीच स्क्रीनवर वाकून पाहिलं, तर ३३० हा कोड. म्हणजे बोटं ठणठणीत, कुलूप माझंच! आई आठवडाभर बोलली नाही.

तेव्हा लॉक करण्याआधी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, ते पाहा. नंबर बंद असेल तर ओटीपी येणार नाही आणि आधी तो बदलून घ्यावा लागेल. दुसरं, तात्पुरतं अनलॉक १० मिनिटंच टिकतं. मानकापूरला घरी बसून उघडाल तर बर्डीवर पोहोचेस्तोवर पुन्हा बंद. पुढचा नंबर आपला आला की मगच उघडा. रेशन दुकानातही तसंच. ‘कटकट नको’ म्हणून लॉक कायमचं काढून टाकू नका.

सरकार सांभाळेल म्हणणाऱ्यांना मी मे २०२२ आठवायला सांगतो. २७ तारखेला आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयानं झेरॉक्स देऊ नका म्हणून सांगितलं, २९ला केंद्र सरकारनं ते मागं घेतलं. खासगीपणा मूलभूत हक्क आहे, हे ऑगस्ट २०१७मध्ये ९ न्यायाधीशांनी ठरवलं. त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते. पण लॉजवाल्याच्या काउंटरवर निकालाची प्रत कोण दाखवणार?

महिन्यातून एकदा मायआधारवर ऑथेंटिकेशन हिस्टरी उघडा. गेल्या ६ महिन्यांत आधार कुठे वापरलं ते दिसतं. न केलेला व्यवहार दिसला तर आधी बँकेला, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.