सहावी तार काढा: कीथ रिचर्ड्सचा ओपन जी

रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याच्या रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे) नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये वाजवल्या की स्वर बरोबर लागतात, तरी कानाला ते खरं वाटत नाही. 'हाँकी टाँक विमेन' (1969) किंवा 'स्टार्ट मी अप' (1981) यांचा सांगाडा पाच तारांवर, ओपन जीमध्ये उभा आहे: मोकळ्या तारा छेडल्या की थेट जी कॉर्ड वाजते असं हे ट्यूनिंग.

जाडी ई तार काढून टाका. पाचवी ए एक पूर्ण स्वर उतरवून जी करा, पहिली ई तितकीच उतरवून डी करा. मधल्या तिन्ही तारांना हात लावायचा नाही. जाडीकडून बारीककडे जी, डी, जी, बी, डी. म्हणजे सा प सा ग प. सहावी ठेवली तर ती डीवर आणावी लागते आणि कॉर्डच्या तळाशी षड्जाऐवजी पंचम बसतो. काढण्याचं कारण एवढंच.

आता बी. ट्यूनरचा दिवा हिरवा झाला तरी मोकळ्या तारा छेडल्यावर काहीतरी टोचतं. ट्यूनरचा गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (100 सेंट म्हणजे अर्धा स्वर) चढा असतो, आणि इथे तो प्रत्येक कॉर्डमध्ये उघडा वाजतो. बी 5-6 सेंट उतरवा. त्याहून जास्त नको. कारण पुढे येईल.

10-46च्या संचातली (हे आकडे तारेची जाडी सांगतात, इंचाच्या हजाराव्या भागांत) 36ची ए तार जीवर उतरवली की लुळी पडते, जोरात मारल्यावर क्षणभर चढी वाजते आणि फ्रेटवर खरखरते. जाडीकडून 42, 30, 18, 15, 11 अशा सुट्या तारा घ्या. कीथचा संच साधारण असाच असतो. 42ची तार नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकत असेल तर खाच थोडी रुंद करून घ्या, नाहीतर दर दोन मिनिटांनी सूर हलेल. ब्रिजवरचं सहाव्या तारेचं रिकामं सॅडल (तार टेकते तो तुकडा) झिणझिणतं, ते काढा किंवा त्याखाली फोमचा तुकडा सरकवा. एका तारेचा ताण गेल्यामुळे मान किंचित मागे झुकून पहिल्या तीन-चार फ्रेटवर खरखर येऊ शकते. तसं झालं तर ट्रस रॉड (मानेतली बाक जुळवायची सळई) पाव फेरा सैल करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगवर हलणारा ब्रिज) असलेली गिटार या कामाला घेऊच नका: एक तार काढली की बाकी सगळ्यांचा सूर हलतो.

मग बोटं. मोकळ्या तारा म्हणजे जी. पहिल्या बोटाचा बार (बोट सगळ्या तारांवर आडवं दाबणं) पाचव्या फ्रेटवर सी, सातव्यावर डी, दहाव्यावर एफ. खरी करामत पुढची आहे. पाचव्या फ्रेटचा बार न उचलता मधलं बोट दुसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर आणि अनामिका चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर टेकवा. सीचा एफ होतो, खाली सी तसाच घुमत राहतो. दोन बोटं टेकवायची, उचलायची. कीथच्या अर्ध्या रिफ यातूनच निघतात. या आकारात दुसरी तार एफचा मूळ स्वर देते, म्हणून बी फार उतरवली तर इथे तोच स्वर बेसूर लागतो.

पहिली तार इथे जी वाजवते. ती नको असेल तर बारची पहिल्या तारेकडची बाजू जरा सैल ठेवा. मायनर कॉर्ड नुसत्या बारने नीट निघत नाही. पण चौथी, तिसरी, दुसरी या तारा नेहमीच्याच असल्यामुळे त्यांवरचे ओळखीचे तीन तारांचे आकार जसेच्या तसे चालतात.

नवशिका उजवा हात सतत चालू ठेवतो आणि तिथेच गाडी घसरते. प्रत्येक फटक्यानंतर डाव्या हाताचा दाब सोडा, बोटं तारेवरच राहू द्या. त्या गप्प जागेत ड्रम ऐकू आला पाहिजे. स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर हाय-हॅट (झांजांची जोडी) सोडून द्यायचा. तितकी मोकळीक गिटारनेही द्यावी.

कीथच्या 'मिकॉबर' नावाच्या टेलिकास्टर गिटारच्या मानेकडे हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) बसवलेला आहे, पण सुरुवातीला तो खर्च करायची गरज नाही. ब्रिज पिकअप, टोन 7. अँपवर गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण ठरवणारं बटण) 3-4, बास 4, मिड 6, ट्रेबल 5, आणि आवाज शेजारी सहन करतील तितका मोठा. हलका फटका स्वच्छ, जोराचा फटका जरासा फाटलेला, इथे थांबा. गेन वाढवलात तर एकत्र फाटणाऱ्या स्वरांतून भलतेच स्वर निघतात. षड्ज-पंचमाला ते खपतात, गंधार आला की चिखल होतो. पेडल विकत घेण्याआधी आवाज वाढवून बघा.

चौथ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावला की हेच सगळं बीमध्ये येतं. 'टंबलिंग डाइस' तिथलं. कॅपो फ्रेटला अगदी चिकटून लावा आणि लावल्यावर पुन्हा सूर जुळवा: दाबामुळे जाडी जी सगळ्यात आधी चढते.